मोटारीच्या पोटाखाली



व्याख्यानमालेचे चालक आमच्याकडे आले तेव्हा त्यांची अपेक्षा उघडच अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. आम्ही त्यांना म्हणालो, तो विषय आम्ही वर्षभर कारखान्याच्या फाटकापुढे बोलतच असतो, आणि तिथले श्रोते काही वसंत ऋतूची वाट पाहत नाहीत. आम्हांला जुन्या मोटारीच्या गंजावर बोलू द्या. चालक क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. पण येताना आम्ही या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या आणि विषयाची निवड चुकली नाही अशी आमची खात्री झाली. आपल्यासारखी मध्यम मिळकतीची माणसे गाडी घेतात ती पुष्कळदा दुसऱ्याने वापरलेली. आणि घेताना रंग पाहतात, इंजिन ऐकतात, फार तर टायरला एक लाथ मारून बघतात. खाली वाकून मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

आम्ही इंजिनियर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण काही फौंड्रीच्या भट्टीपाशी आणि काही नगरवाचनालयाच्या मेजावर झाले. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यातले थोडे वाचलेले आहे, थोडे मिस्त्री लोकांकडून ऐकलेले आहे, आणि बाकीचे आमच्याच चुकीतून शिकलेले आहे.

चूक २०१८ सालची. कऱ्हाडच्या बाजूला आमच्या युनियनचे सभासद लहानलहान कारखान्यांतून विखुरलेले आहेत. वीस वर्षे आम्ही मोटारसायकलवर हिंडलो, पाठीचे मणके बोलू लागले, तेव्हा कार्यकारिणीने ठरवले की, वर्गणी काढून एखादी जुनी चारचाकी घ्यावी. रत्नागिरीच्या बाजूची एक गाडी कळली. २००४ सालची नोंदणी, चार दारे, किंमत ८५ हजार. पुढच्याच वर्षी तिची पंधरा वर्षे भरून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागणार होते. मालक ती त्याच वर्षी का विकत होता, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही. कुंभार्ली घाट चढून गाडी आली ती झोकात आली. इंजिन घड्याळासारखे चालत होते. रंग नवा. खालच्या बाजूलाही काळे डांबरी लेपन नुकतेच मारलेले. ते पाहून तर आम्हांला मालकाच्या टापटिपीचे कौतुक वाटले.

आम्ही गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजवर नेली. मिस्त्री बॉनेटमध्ये डोके घालून बसले. त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता, सतरा-अठरा वर्षांचा. तो कोणी न सांगता पान्हा घेऊन गाडीखाली सरपटला, थोडी ठोकाठोक केली आणि बाहेर आला तो मूठभर तपकिरी पापुद्रे घेऊन. आम्हांला म्हणाला, “काका, मागच्या डाव्या अंगाला आवाज बद्द येतोय. वरनं काळं मारलंय, आत काही राहिलं नाही.” आम्ही काय उत्तर दिले ते सांगायला आज लाज वाटते, पण ते सांगण्यासाठीच उभे आहोत. आम्ही म्हणालो, “अरे, जुन्या लोखंडाला थोडा गंज असायचाच. तू तुझं काम बघ.” तीस वर्षे आम्ही मालकांना बजावत आलो आहोत की, यंत्रावर उभा असलेला माणूस काय म्हणतो ते आधी ऐका. आणि ते पोर तर यंत्राच्या खालून निघाले होते!

आता गंज म्हणजे काय ते थोडे पाहू. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र भेटले की लोखंड पुन्हा माती व्हायला निघते. ज्या खनिजातून ते काढले तेही बव्हंशी लोखंड आणि प्राणवायू यांचेच होते, म्हणजे हा एक प्रकारे परतीचा प्रवास. नुसत्या पाण्याने तो सावकाश होतो; पाण्यात मीठ असले की झपाट्याने. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणे ही मुळात एक विजेची क्रिया आहे. शिवाय लोखंडावर जो पातळ संरक्षक थर धरू पाहतो, तो मीठ फोडत राहते. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. समुद्रकाठच्या घरातल्या खिडकीच्या गजाची आणि आपल्याकडच्या गजाची त्याने स्वतःच तुलना केलेली असते.

केंब्रिज येथे युलिक इव्हान्स नावाचे एक संशोधक होऊन गेले. त्यांनी साध्या पाण्याच्या थेंबावर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली, ती आमच्या विषयाला फार उपयोगाची आहे. खाऱ्या पाण्याचा थेंब लोखंडावर ठेवला तर लोखंड खाल्ले जाते ते थेंबाच्या कडेला नव्हे, जिथे हवा भरपूर मिळते तिथे नव्हे. तर मध्यभागी, जिथे हवा कमी पोचते तिथे. आता हाच न्याय मोटारीला लावा. चिखलाचा जो गोळा चाकाच्या कमानीत वर्षभर चिकटून राहतो, त्याच्या खाली हवा कमी आणि ओल कायमची. उघडा पत्रा वाऱ्याने वाळतो. चिखलाखालचा पत्रा झिजत राहतो, आणि झिजतो तोही सारखा नव्हे, खड्डे पडत पडत.

कोणी म्हणेल, मग दिल्लीचा तो लोहस्तंभ कसा टिकला? मेहरौलीचा हा स्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा. कानपूरच्या आय. आय. टी. मधले प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण पुष्कळ आहे, त्यामुळे त्यावर एक चिवट संरक्षक थर बसला, असे त्यांनी दाखवले. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. आजच्या पोलादातून फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. तेव्हा त्या स्तंभाचे पुण्य आपल्या मोटारीला मिळणार नाही. आणि एक गंमत ऐका: त्या स्तंभाचाही जो भाग जमिनीत गाडलेला होता, त्यावर गंज चढलेला आढळला होता. दिसणारा भाग तेवढा निष्कलंक!

आता मोटारीच्या पोटाखाली जाऊ. गाडीचे ओझे चाकांवर थेट ठेवलेले नसते. मध्ये स्प्रिंगा असतात, धक्के शोषणारे शॉकअप असतात, चाकाला जागच्या जागी धरून ठेवणारे दांडे, म्हणजे आर्म असतात, त्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. या सगळ्या परिवाराला सस्पेन्शन म्हणतात. जुन्या गाड्यांना मागे पाट्यांच्या कमानी असत. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिला मागे अशा कमानी होत्या. पाट्यांच्या मध्ये पाणी शिरे, गंज धरे, एखादा पाटा तुटेही. पण बाकीचे पाटे ओझे वाटून घेत आणि गाडी एका अंगाला कलून मालकाला निरोप देई. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला ती रचना फार आवडते, हे ओघाने सांगून टाकतो. पुढे छोट्या गाड्यांतून वेटोळ्याची स्प्रिंग आली. ती हलकी, प्रवासाला सुखाची. पण तिचे खालचे वेटोळे ज्या वाटीत बसते तिथे पाणी आणि वाळू साचते. वरचा रंग खडे लागून उडतो, तिथे बारीक खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. पोलादाचा एक गुण असा की, कोरड्या हवेत ठराविक मर्यादेच्या आत ते कितीही वेळा वाकवले तरी थकत नाही. ओलीत आणि मिठात ही मर्यादाच नाहीशी होते. मग रोजचा साधा खड्डासुद्धा त्याच्या आयुष्यातून काही ना काही कापून नेतो.

तरी स्प्रिंग बदलता येते, आर्म बदलता येतो. खरी भीती निराळ्या जागी असते. हे भाग ज्याला अडकवलेले असतात तो मूळ सांगाडा गंजला तर काय बदलणार? आजच्या छोट्या गाडीला निराळी चेसिस नसते. पत्रा दुमडून, जोडून केलेल्या पोकळ पेट्या हीच तिची हाडे. त्या पेट्यांना तळाशी पाणी निघून जायला भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पेटी आतून गंजू लागते. बाहेरून रंग शाबूत, आतून पोखरलेले. त्यावर कोणी डांबरी लेप मारला तर आतली ओल आतच कोंडली जाते, आणि गिऱ्हाईक मात्र खूष होते. आम्ही झालोच होतो.

आमच्या गाडीने आम्हांला अंधारात ठेवले, असे म्हणणे खोटे होईल. तिने पुष्कळ सांगितले. फेब्रुवारीत, गतिरोधकावरून जाताना मागून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. आम्ही शॉकअप बदलले. एप्रिलमध्ये ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली. आम्ही ब्रेकचे काम केले. मागचा डावा टायर एका कडेने खाल्ला गेला. आम्ही टायर बदलला. चाकांची अलाइनमेंट करायला गेलो तर तो माणूस दोनदा यंत्र लावून म्हणाला, “साहेब, आकडा धरत नाही, खाली काहीतरी हलतंय.” आम्ही त्याला पैसे दिले आणि निघालो. युनियनचे साडेनऊ हजार रुपये अशा रीतीने चांगल्या वस्तूंवर खर्च झाले आणि त्या सगळ्या चांगल्या वस्तू कुजक्या पत्र्याला अडकवल्या गेल्या. त्या पोराने दाखवलेली जागा हातभर अंतरावर होती.

ऑगस्टात पाऊस लागला होता. पाटणकडे सभा होती. गाडी आम्ही चालवत होतो, मागे डाव्या बाजूला आमचे खजिनदार बसले होते. एका कारखान्यात टर्नर, अतिशय सावध माणूस, चहाचाही हिशेब ठेवणारा. एका गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाशी आम्ही वेग कमी केला, आणि आज आम्ही इथे उभे आहोत ते त्या गतिरोधकामुळे. मागचे चाक चढून उतरले आणि काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. मागच्या आसाला पुढेमागे सरकू न देणारा जो दांडा असतो, त्याचे पुढचे टोक एका ब्रॅकेटमध्ये बोल्टने धरलेले असते आणि ते ब्रॅकेट पेटीला वेल्ड केलेले असते. बोल्ट शाबूत राहिला, वेल्डिंगही शाबूत राहिले. वेल्डिंगच्या भोवतीचा पत्राच बिस्किटासारखा फाटून निघाला. आस तिरका झाला, गाडीचे मागचे अंग फिरले आणि आम्ही रस्ता सोडून उसाच्या बांधावर जाऊन आदळलो. आम्हांला खरचटलेसुद्धा नाही. खजिनदारांचे खांद्याजवळचे हाड मोडले. उजवा हात. टर्नरचा उजवा हात म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कामगार बंधूंना सांगायला नको. तीन महिने ते लेथवर उभे राहू शकले नाहीत, आणि त्यांतले दोन बिनपगारी गेले.

पुढे सर्वसाधारण सभा झाली. सभासद चिडलेले होते, आणि त्यांचा राग गॅरेजवर होता. गाडी पाहून देऊनसुद्धा त्यांनी सांगितले कसे नाही? एकाने तर गॅरेजकडून नुकसानभरपाई मागण्याचा ठरावही लिहून आणला होता. मिस्त्री दारात उभे होते, त्यांच्या मागे तो पोरगा. तो काही बोलला नाही. बोलला असता तर आमचे नाव घ्यावे लागले असते. ठराव मताला जाण्याच्या आत आम्ही उठलो आणि जानेवारीत काय घडले ते शब्दशः सांगितले. ‘तू तुझं काम बघ’ हे वाक्यही सांगितले. सभेत फार वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एका बाईने विचारले, “मग खजिनदारांचे दोन महिन्यांचे पैसे कोण देणार?” प्रश्न अगदी रास्त होता. निम्मे युनियनच्या निधीतून गेले, निम्मे आम्ही हप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता २०१९ च्या दिवाळीत गेला. खजिनदारांनी त्याची पावती दिली.

त्यानंतर आम्ही त्या पोराकडून जुनी गाडी पाहायला शिकलो. ते थोडक्यात सांगतो. गाडी पाहायला जायचे ते दिवसाउजेडी, आणि आधी ती सपाट जागेवर उभी करायची. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटे घालून पाहायची. एका बाजूला चार बोटे आणि दुसऱ्या बाजूला तीन असतील तर एखादी स्प्रिंग बसली किंवा मोडली असण्याचा संशय धरावा. मग गाडी खड्ड्यावर किंवा वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवायची आणि आधी खालून धुवायची. विकणारा धुवू देत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये, खाली घोड्या लावल्याच पाहिजेत; आणि गंजलेल्या गाडीत तर जॅकच पत्र्यात घुसतो. तसा तो घुसला तर समजावे की, परीक्षा तिथेच संपली. धुतल्यावर बारीक हातोडीने ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणतो, कुजका बद्द बोलतो. जिथे बद्द बोलेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहायचे. आर्म जिथे सांगाड्याला भेटतात त्या जागा, स्प्रिंगच्या खालच्या वाट्या, पुढच्या शॉकअपचे वरचे टोक बॉनेटखाली जिथे बसते तो घुमट आणि मागची चटई उचलून तिच्याखालचा पत्रा, एवढे पाहिल्याशिवाय इंजिनाकडे वळू नये. नवे काळे लेपन दिसले तर त्याचे कौतुक करू नये. ते खरवडावे.

पुराचा मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळुणात ज्या गाड्या दिवसचे दिवस पाण्याखाली राहिल्या, त्यांतल्या किती दुरुस्त होऊन कुठे गेल्या हे कोणी सांगू शकत नाही. गादीला वास नसतो, कारण गादी बदललेली असते. पण सांगाड्याच्या पेट्यांत गेलेला गाळ कोणी काढत नाही. पाणी निघायच्या भोकात तार घालून पाहा. बारीक, साबणासारखी माती निघाली तर ती गाडी कुठे बुडून आली आहे असा संशय घ्या.

आता दुरुस्तीविषयी. गंजून भोक पडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारतात, ती दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक. कुजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढावा आणि तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा चांगल्या पत्र्याला वेल्ड करावा. तो गाळा आर्मच्या ब्रॅकेटपाशी असेल तर जाणत्या माणसाकडूनच. स्प्रिंगला किंवा आर्मला कधीही वेल्डिंग करून घेऊ नये. उष्णतेने स्प्रिंगचे पाणी उतरते आणि ती काचेसारखी मोडते. बुशमधला बोल्ट गंजून आतल्या नळीशी एकजीव झाला असेल तर मिस्त्री तो कापून काढायला जास्त मजुरी मागेल. ती द्यावी. त्या एका बोल्टपायी अर्धा दिवस गाडीखाली उताणे पडून राहावे लागते, तोंडावर गंजाची पूड पडत असते. घासाघीस करणाऱ्याने एकदा तसे पडून पाहावे. कोकणात पावसाळ्याआधी गाडीखाली जळके इंजिन ऑइल फवारण्याची चाल आहे. त्याने पत्रा वाचतो हे खरे; पण रबरी बुश तेलाने फुगतात आणि ते तेल शेवटी विहिरीकडे जाते, म्हणून आम्ही ती शिफारस करीत नाही. मेणासारखे लेपन मिळते, ते पेट्यांच्या आत मारावे. आणि हौसेने पुळणीवर गाडी नेलीत तर घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने ती खालून धुवा.

ब्रिटनमध्ये १९६० सालापासून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी आहे, आणि आता तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिच्याखाली कोणीतरी बघतोच. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत धोकादायक गंज सापडला तर गाडी नापास. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे २०१० साली फोर्ड कंपनीला १९९८ ते २००३ या सालांच्या विंडस्टार गाड्या, मागचा आस गंजून मोडण्याच्या भीतीपायी परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे टॅक्सीला, टेम्पोला ठराविक मुदतीने पासिंग करावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि त्या पंधरा वर्षांत धुराच्या दाखल्यापलीकडे तिची कोणतीही सक्तीची तपासणी नाही. म्हणजे जी गाडी तीन मालकांच्या हातून फिरली, एका पुरात बुडाली, समुद्रकाठी दहा पावसाळे उभी राहिली, तिच्याखाली कायद्याने कोणीच वाकून पाहिलेले नसते. जो पाहतो तो गॅरेजातला पोऱ्या, आणि त्याचे मत विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. खाजगी गाडी हात बदलताना तरी खालची तपासणी व्हावी, ही मागणी आमच्या युनियनने करून ठेवली आहे. ती मोटारमालकांच्या बाजूची आहे की कामगारांच्या, यावर आमच्याच सभेत तासभर वाद झाला!

आमची ती गाडी भंगारात गेली. निघण्याआधी त्या पोराने फाटलेले ब्रॅकेट भोवतालच्या पत्र्यासकट कापून आम्हांला आणून दिले. ते युनियनच्या कचेरीत आमच्या मेजावर असते, आणि आज सोबत आणले आहे. अध्यक्षांच्या समोर जो कागदात गुंडाळलेला जिन्नस दिसतो आहे तो तोच. वेल्डिंगची रेघ पाहा, अजून चकाकते आहे, आणि तिच्या बाहेर बोटाने दाबले तर पत्रा आत जातो. व्याख्यानानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पुढे यावे. मात्र हातात कागद धरूनच उचलावे. पूड फार पडते, आणि बायकांच्या चांगल्या लुगड्यांना तिचे डाग लागले तर ते निघत नाहीत, असे आमच्या घरून बजावून सांगितले आहे.